बीएमआयचा आकडा आणि आपले शरीर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच आकड्याविषयी होती. गावोगावच्या आरोग्य शिबिरांत, विम्याच्या अर्जावर आणि व्यायामशाळेत तो कागदावर लिहून मिळतो, त्याच्यापुढे ‘सामान्य’ किंवा ‘लठ्ठ’ असा शेराही असतो, पण त्याचा अर्थ समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो. म्हणून हा अंक त्या आकड्यासाठीच ठेवला आहे. बीएमआय, म्हणजे शरीर-वस्तुमान निर्देशांक, काढण्यासाठी किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे असते. उंची १६० सेंमी आणि वजन ६४ किलो असेल, तर १.६० गुणिले १.६० म्हणजे २.५६, आणि ६४ भागिले २.५६ म्हणजे बरोबर २५. या गणितात वजन आणि उंची यांखेरीज काहीही नाही, एवढे लक्षात ठेवून पुढील उत्तरे वाचावीत.

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका शाळेत शिक्षक आहे. वय ४६, उंची १६८ सेंमी, वजन ६१ किलो. शिबिरात माझा बीएमआय २१.६ निघाला आणि ‘सामान्य’ असा शेरा मिळाला. त्याच दिवशीच्या रक्ततपासणीत मात्र तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.९ आला. लहानपणापासून मला सगळे किडकिडीत म्हणत आले आहेत. गेल्या सहा वर्षांत पँट ३२ नंबरवरून ३६ वर गेली, एवढाच काय तो बदल. बारीक माणसाला मधुमेह होतो का, की तपासणीत चूक झाली असेल?

उत्तर : सर, तपासणी पुन्हा करून घ्यावी हे योग्यच आहे, कारण लक्षणे नसताना केवळ एका अहवालावरून मधुमेहाचे निदान पक्के करत नाहीत. परंतु ‘मी बारीक आहे, तेव्हा चूकच असणार’ या समजुतीने तो कागद कपाटात ठेवून देऊ नये. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती आपण ‘एवढाच काय तो बदल’ म्हणून शेवटी लिहिली आहे. पँटचा नंबर ३६ म्हणजे सुमारे ९१ सेंमी, आणि पुरुष बहुधा पँट पोटाच्या फुगवट्याच्या खाली बांधत असल्याने पोटाचा खरा घेर त्याहून अधिकच असतो. आपल्याकडील तज्ज्ञांनी भारतीय पुरुषांसाठी ९० सेंमी आणि स्त्रियांसाठी ८० सेंमी ही कमरेची मर्यादा मानलेली आहे, ती आपण ओलांडलेली आहे.

हे कसे घडते हे समजून घेण्यासाठी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले उदाहरण फार उपयोगी आहे. त्यांनी स्वतःचीच शरीरे तपासली. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता, पण डेक्सा या क्ष-किरण तंत्राने मोजले तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के भरले, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. एकाच आकड्याच्या मागे दोन इतकी वेगळी शरीरे असू शकतात. मला हे उदाहरण विशेष वाटते, कारण त्यातील भारतीय शरीर एखाद्या बैठ्या, खादाड माणसाचे नव्हते. ते मधुमेहावरच संशोधन करणाऱ्या डॉक्टरांचे होते.

याची मुळे जन्मापाशी जातात. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची आणि तिकडची ३.५ किलोची होती. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. असे कमी स्नायूंचे शरीर पुढे मोठे झाले, शेतातले चालणे सुटून मोटारसायकल आली, आणि त्वचेखाली चरबी साठवण्याची जागा अपुरी पडू लागली की ती यकृतात आणि आतड्यांभोवती साठते. पोटातली ही चरबी त्वचेखालच्या चरबीसारखी निवांत पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्ले थेट यकृताकडे जातात, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि रक्तातील साखर वाढते. वजनकाट्याला यातले काहीच दिसत नाही, कारण स्नायू घटले आणि तेवढीच चरबी वाढली तर काटा जागचा हलत नाही.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसाधारणपणे २५ आणि ३० या सीमा मानल्या असल्या, तरी २००४ साली तिच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांच्या बाबतीत २३ आणि २७.५ या आकड्यांपाशीच सावध व्हावे असे सुचवले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरावा असे ठरवले. आपला आकडा या सीमेच्याही आत आहे, आणि तरीही धोका आहे. यावरून सीमा कितीही खाली आणली तरी तिच्याकडून काही माणसे निसटणारच हे दिसते.

आज घरीच एक काम करावे. शिंप्याची टेप घ्यावी, कपडे बाजूला करावेत, सर्वांत खालची बरगडी आणि कुल्ल्याच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप जमिनीला समांतर ठेवावी, श्वास सहज बाहेर सोडावा आणि पोट आत न ओढता माप वाचावे. हे माप आपल्या उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावे. आपल्या बाबतीत निम्मी उंची ८४ सेंमी होते. आपले ध्येय वजन कमी करणे हे नसून पोट कमी करणे आणि दंड-मांड्यांचे स्नायू वाढवणे हे आहे, त्यामुळे चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर, बैठका किंवा वजन उचलण्याचा व्यायाम हवा. कळण्याची भाकरी आणि दाळ यांना आपल्या ताटातून हद्दपार करण्याचे काही कारण नाही. पोळी-भाताची रास, शेवभाजीवरचा तेलाचा थर आणि दिवसभरातले गोड चहा हे कमी करावयाचे आहेत. आणि एक सूचना : अलीकडे अचानक वजन उतरत असेल, तहान फार लागत असेल, तर मात्र पुढच्या शिबिराची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना भेटावे, कारण बारीक व्यक्तीतील मधुमेहाचे काही प्रकार वेगळे असतात आणि त्यांचे उपचारही वेगळे असतात.

प्रश्न : मी चाळीसगावला विज्ञान शाखेत शिकते. हा निर्देशांक मुळात कोणत्या डॉक्टरांनी शोधला, आणि तो इतका अपुरा असेल तर अजून का वापरतात?

उत्तर : तो डॉक्टरांनी शोधलेलाच नाही. बेल्जियमचे अॅडॉल्फ केटले (१७९६–१८७४) हे खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक होते. ‘सरासरी माणूस’ कसा असतो याचे गणित ते मांडत होते, आणि १८३० च्या दशकात त्यांच्या लक्षात आले की प्रौढांमध्ये वजन हे साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लठ्ठपणा किंवा आजार हा त्यांच्या विचाराचा विषयच नव्हता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे तपासून, चरबीचा अंदाज बांधण्यासाठी उपलब्ध सूत्रांपैकी हे सोपे सूत्र इतरांपेक्षा निदान कमी पडत नाही असा सावध निष्कर्ष काढला आणि त्याला आजचे नाव दिले. त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या, आणि भारतही नव्हता.

सीमारेषाही माणसांनी आखलेल्या आहेत. अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषांसाठी अतिवजनाची सीमा २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ होती, ती २५ वर आणल्यावर कोट्यवधी लोक वजन एक ग्रॅमनेही न वाढता अतिवजनाच्या यादीत गेले.

तरीही तो वापरतात, आणि माझ्या मते वापरावाही. एक वजनकाटा आणि भिंतीवरची एक पट्टी एवढ्या साधनांवर लाखो लोकांची पाहणी करता येते. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के भारतीय स्त्रियांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी, तर २४ टक्के स्त्रियांचा २५ किंवा अधिक आढळला. एकाच देशात उपासमार आणि अतिवजन शेजारी शेजारी नांदत आहेत हे या साध्या सूत्राने दाखवून दिले. चूक होते ती समूहासाठी केलेले हे माप एका माणसाच्या कपाळावर शिक्क्यासारखे मारले जाते तेव्हा. आता वैद्यकातही हा विचार रुजतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने सुचवले की केवळ बीएमआयवरून लठ्ठपणाचे निदान करू नये. कमरेच्या मापाने किंवा चरबीच्या प्रत्यक्ष मोजणीने खात्री करावी, आणि त्या चरबीमुळे अवयवांच्या कामात बिघाड झाला आहे की नाही तेही पाहावे.

प्रश्न : मुलगा २१ वर्षांचा आहे आणि धुळ्यात तालमीत सराव करतो. उंची १७२ सेंमी, वजन ८८ किलो. विम्याच्या वैद्यकीय अहवालात बीएमआय २९.७ आणि ‘लठ्ठ’ असे लिहून आले. तो फार खट्टू झाला आहे. त्याची कंबर ८४ सेंमी आहे.

उत्तर : कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी आहे, म्हणजे हे वजन प्रामुख्याने स्नायूंचे आहे असे मानायला जागा आहे. स्नायू चरबीपेक्षा घन असतात, आणि सूत्राला किलो कशाचे आहेत हे विचारता येत नाही. विमा कंपन्यांना वजन-उंचीची कोष्टके फार जुन्या काळापासून सोयीची वाटत आली आहेत. आपण कमरेचे माप, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबीचा अहवाल जोडून फेरतपासणीची विनंती करावी. मुलाला मात्र आत्ताच एक गोष्ट प्रेमाने सांगून ठेवावी. कुस्ती सुटल्यावर पैलवानाचा खुराक बहुधा सुटत नाही. मेहनत थांबते, दूध-तूप-बदाम तसेच राहतात, आणि पाच-सात वर्षांत तेच ८८ किलो वेगळ्या पदार्थाचे होतात. दरवर्षी वाढदिवसाला त्याची कंबर मोजून वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. मोबाइलवर आकडे घातले तर तिचा बीएमआय २१ आला आणि ‘सामान्य’ असे उत्तर मिळाले. निश्चिंत राहू का? – एक आई, भुसावळ

उत्तर : मोठ्यांचे कोष्टक मुलांना लावता येत नाही. वाढत्या वयात चरबीचे प्रमाण नैसर्गिकपणे बदलत असते, म्हणून मुलांचा आकडा वय आणि लिंगानुसार आखलेल्या वाढीच्या आलेखावरच वाचावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे आलेख यासाठी उपलब्ध आहेत आणि त्यांत प्रौढांच्या २३ व २७ या आकड्यांशी जुळणाऱ्या रेषा दिलेल्या आहेत. अकरा वर्षांच्या मुलीसाठी २१ हा आकडा वरच्या बाजूचा आहे, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. तिच्यासमोर मात्र ‘जाडी’ हा शब्द कोणीही, थट्टेतसुद्धा, उच्चारू नये.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर आशा म्हणून काम करते. आमच्याकडे बहुतेक बाया काटक आणि कामाला खंबीर असतात. एका पंचवीस वर्षांच्या बाईची उंची १४८ सेंमी आणि वजन ३८ किलो आहे. बीएमआय १७.३ येतो. ती म्हणते, मला काही होत नाही, आमच्या अंगाची ठेवणच अशी आहे. मी काय सांगावे?

उत्तर : ताई, या अंकातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे असे मी मानतो, कारण बीएमआयच्या उणिवांची चर्चा शहरांत बहुधा वाढलेल्या वजनापुरतीच होते आणि आकडा जिथे कमी आहे तिथे तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. १८.५ च्या खाली कृशता सुरू होते; १७ ते १८.५ मध्ये सौम्य, १६ ते १७ मध्ये मध्यम आणि १६ च्या खाली तीव्र अशी तिची वर्गवारी आहे. ‘सौम्य’ हा शब्द फसवा आहे. हाच आकडा असलेली शहरातील एखादी तरुणी आवडीने बारीक राहिलेली असू शकेल. तुमच्याकडची बाई पाणी डोक्यावरून आणते, डोंगर चढते, मजुरी करते आणि कदाचित मूल अंगावर पाजते. तिच्या काटकपणाचा मला मनापासून आदर आहे, पण खर्च होणारी ऊर्जा ताटात परत येत नाही असेच हा आकडा सांगतो आहे.

शिवाय अंगाची ठेवण ही पूर्णपणे जन्मजात नसते. लहानपणी पोट पुरेसे भरले नाही तर उंचीच खुंटते, आणि उंची खुंटली की बीएमआय खोटा दिलासा देतो. समजा दुसरी एक बाई १४५ सेंमी उंच आणि ४० किलोची आहे. तिचा बीएमआय १९ येईल आणि कागदावर ती ‘सामान्य’ ठरेल. प्रत्यक्षात एवढी कमी उंची हीच बालपणीच्या कुपोषणाची खूण असू शकते, आणि बाळंतपणातली जोखीमही तिने वाढते. म्हणून तुमच्या नोंदवहीत आकड्याबरोबर उंची आणि वजन हे दोन्ही वेगवेगळे लिहिलेले असले पाहिजेत.

या बाईच्या बाबतीत तीन तपासण्या करून घ्याव्यात. हिमोग्लोबिन; सिकलसेल, कारण नंदुरबार जिल्ह्यात तो आजार आहेच; आणि खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट असेल तर क्षयरोगाची थुंकी तपासणी. कृशता आणि क्षयरोग एकमेकांना वाढवतात. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना पूरक अन्न देऊन केलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या घरांत नव्याने होणारा क्षयरोग ३९ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. दाळ-तांदूळ हे तेथे औषधासारखे उपयोगी पडले. ती गरोदर राहिली तर पहिल्या बारा आठवड्यांच्या आतले वजन नोंदवा, कारण नंतर बाळ आणि पाणी यांच्या वजनाने बीएमआय निरर्थक होतो. आणि गरोदर व स्तनदा मातांसाठीच्या अमृत आहार योजनेतील रोजचे एक वेळचे जेवण ती अंगणवाडीत बसून स्वतः जेवते आहे ना, घरी नेऊन वाटून टाकत नाही ना, हे पाहा.

एक विनंती आहे. तुमच्या भागातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला गावी येतात. जाण्यापूर्वी आणि आल्यावर त्याच बाईचे वजन त्याच काट्यावर घेतले, तर त्या दोन नोंदींतला फरक कोणत्याही एका बीएमआयपेक्षा अधिक सांगून जाईल. ३८ चे ३५ झालेले दिसले तर त्या दिवशीच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. आम्ही यावल तालुक्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वजन ६३ किलो होते, आता ५४ आहे. उंची १५० सेंमी. एका तपासणीत बीएमआय २८ वरून २४ वर आल्याबद्दल त्यांचे कौतुक झाले. पण पूर्वी खापरावर मांडे करणाऱ्या सासूबाईंना आता ओसरीची पायरी चढताना माझा हात लागतो. मला हे चांगले लक्षण वाटत नाही.

उत्तर : आपले निरीक्षण त्या कौतुकापेक्षा अधिक खरे आहे. त्यांनी ठरवून आहार-व्यायाम बदलल्याचे आपल्या पत्रात नाही, आणि तरीही १४ टक्के वजन गेले आहे. वृद्ध व्यक्तीचे वजन प्रयत्नाशिवाय सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांहून अधिक घटले, तरी कारण शोधावेच लागते. थायरॉइड, अनियंत्रित मधुमेह, क्षयरोग, कर्करोग, एखादे औषध, गिळण्याचा त्रास, मनाची उदासी आणि अगदी साधे म्हणजे दात नसणे, ही सगळी कारणे तपासण्यासारखी आहेत. या वयात उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो, आणि पायरीवर लागणारा हात तेच सांगतो आहे. उंचीचाही घोळ असतो. मणके दबून पाठ वाकली की उंची कमी भरते आणि बीएमआय वाढीव निघतो. त्या तरुणपणी १५५ सेंमी असतील, तर त्या उंचीने आजचा आकडा २२.५ च येईल. साठी-सत्तरीनंतर थोडे अधिक वजन असलेली माणसे बारीक माणसांच्या तुलनेत पुष्कळदा अधिक टिकून राहतात असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, तेव्हा या वयात वजन उतरले म्हणून आनंद मानण्याची घाई करू नये.

घरी दोन गोष्टी पाहाव्यात. पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजावा. आशियाई स्त्रियांमध्ये तो ३३ सेंमीपेक्षा कमी असेल तर स्नायू घटल्याची शंका घेतात. मग पाठीला टेकू असलेल्या खुर्चीवर बसवून, हातांचा आधार न घेता पाच वेळा उठा-बसायला सांगावे. आपण शेजारी उभे राहावे. पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पायांची ताकद कमी झाली आहे असे समजावे. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर त्यांना दिवसाला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, म्हणजे दोन्ही जेवणांत घट्ट दाळ, सकाळ-संध्याकाळ दूध किंवा दही, कुटलेले शेंगदाणे, आणि खात असतील तर अंडी. चावता येत नसल्याने त्या नुसता वरणाच्या पाण्यात भाकरी कुस्करून खात असतील, अशी मला शंका आहे. ते एकदा शेजारी बसून पाहा. गेल्या दोन वर्षांतील वजनाच्या जेवढ्या नोंदी सापडतील तेवढ्या तारखांसह एका कागदावर लिहा, त्यांची चालू औषधे पिशवीत घ्या आणि याच आठवड्यात त्यांना फिजिशियनकडे घेऊन जा. दातांच्या डॉक्टरांनाही त्याच फेरीत दाखवून घ्या.